डिझेलचा काटा आणि आमची काटामारी

जिल्हा बैठकीला नेहमी येणाऱ्या मंडळींनी आमची पिकअप पाहिलेली आहे. हौद्याच्या डाव्या फळीला दोर बांधलेला, पुढच्या काचेवर उन्हाने विटलेले स्टिकर, मागे कायम दोन सतरंज्या आणि लाऊडस्पीकरचा कर्णा. वीस वर्षांच्या वर वयाची ही गाडी सभा-मोर्चाच्या दिवशी माणसे वाहते आणि एरवी सभासदांचा माल. या गाडीच्या डिझेलच्या काट्याविषयी आज लिहायचे आहे. अंकातली दोन पाने अशा विषयावर कशाला, असे काहींना वाटेल. आम्हालाही काटा किरकोळच वाटला होता, म्हणून तर पुढचे सगळे झाले.

२०२३ च्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. गाडी संध्याकाळी ड्रायव्हरच्या घरी जायची आणि सकाळी परत यायची. आमचे ड्रायव्हर पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. एका संध्याकाळी किल्ली देताना काटा अर्ध्यावर होता. सकाळी गाडी आली तेव्हा पावावर. टाकी साठ लिटरची. म्हणजे एका रात्रीत पंधरा लिटर डिझेल गेले! आठवड्याने पुन्हा तेच, आणि आणखी काही दिवसांनी पुन्हा. आम्ही मामांना सरळ चोर म्हणालो नाही. सुशिक्षित माणसे तसे म्हणत नाहीत. आम्ही म्हणालो, "मामा, रात्रीतून डिझेल जातं कुठं?" मामा म्हणाले, "सायेब, घरापुढं उतार हाय, गाडी वाकडी उभी ऱ्हाती. काट्याकडं बघू नका, टाकीत काठी घाला." आम्ही काठी घातली नाही. महिनाअखेरीला पंधरा लिटरचे चौदाशे रुपये मामांच्या पगारातून कापले. ऐन दिवाळीच्या पगारातून.

आता यातली लाज वाटण्यासारखी गोष्ट ऐका. डिझेलच्या पावत्या आमच्याच कपाटात होत्या. किलोमीटरचा आकडा मामा दर फेरीला वहीत लिहीत, ती वहीही आमच्याच टेबलावर होती. भागाकार करायला पाच मिनिटे लागली असती. तो आम्ही सहा महिन्यांनी केला. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ॲव्हरेज लिटरला बारा किलोमीटर निघाले. आधीच्या वर्षी बारा, त्याच्या आधीच्या वर्षीही बाराच्या आसपास. रात्रीतून पंधरा-पंधरा लिटर तीनदा चोरीला गेले असते तर हा आकडा बारा राहिला नसता. कागद आमच्या बाजूला ठेवून आम्ही एका गंजलेल्या गाडीच्या काट्याची साक्ष खरी मानली.

मग आम्ही दुसरी चूक केली. काट्यावर शंका आली तेव्हा काटा तपासला नाही, काटा बदलला. शहरातल्या एका दुकानात नेऊन डॅशबोर्डमधला मीटर नवा बसवून घेतला. बावीसशे रुपये गेले. दुकानदाराने टाकीकडे पाहिलेही नाही आणि आम्हीही त्याला पाहायला सांगितले नाही. नवा मीटर काचेमागे चकचकीत दिसत होता. काटा आता रात्रीतून उतरेना, उलट चांगला वरच राहू लागला. समाधान झाले. मामा संक्रांतीला काम सोडून गेले. जाताना कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

एप्रिल २०२४ मध्ये इंदापूरच्या पलीकडच्या एका सभासदाची डाळिंबे पुण्याच्या मार्केट यार्डात न्यायची होती. हस्त बहाराची शेवटची तोडणी, पाण्याचा तो तोटा, टँकरने जगवलेली बाग. गाडी आम्हीच चालवत होतो. निघताना काटा पावाच्या वर होता. भिगवणच्या पुढे डिझेल टाकू असा हिशोब केला. रात्री साडेबाराला पळसदेवच्या अलीकडे सोलापूर हायवेवर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. काटा तेव्हाही पावाच्या वरच होता. झाकण उघडून बॅटरी मारली तर टाकीचा तळ दिसत होता.

डिझेलच्या गाडीचे दुखणे असे की डिझेल संपून बंद पडली तर नुसते डिझेल ओतून भागत नाही. पाइपात हवा धरते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हाताने फीड पंप मारत राहायचे, फेस यायचा थांबून निखळ डिझेल आले की स्क्रू आवळायचा. पळसदेवचा एक पोरगा मोटारसायकलवरून चालला होता. तो थांबला, गावात जाऊन पाच लिटरचा कॅन घेऊन आला, आणि हवा काढायलाही मदत केली. अंधारात, ट्रकच्या वाऱ्यात, हे काम दीड तास चालले. मार्केट यार्डात पोहोचलो तेव्हा लिलावाची गर्दी ओसरली होती आणि राहिलेल्या गिऱ्हाइकाने मागेल त्या भावाने माल गेला. सभासदाचा जो फरक पडला तो आम्ही भरून दिला. पण टँकरचे पाणी घालून आणलेले फळ आपल्या डोळ्यांदेखत पडत्या भावात जाताना पाहणे हे भरून देण्यासारखे नसते.

परतताना पळसदेवला थांबलो. रात्रीच्या पोराने सांगितले होते की गावात एक जुने वायरमन आहेत, ट्रॅक्टर-पिकअपची वायरिंग करतात, त्यांना दाखवा. त्यांनी जे केले ते इथे तपशिलाने लिहितो. कारण आपल्यापैकी अनेकांच्या दारात अशाच वयाची गाडी उभी आहे आणि हे काम समजून घेतलेला माणूस बावीसशे रुपयांना फसत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, त्याला तारेचा दांडा. डिझेल खाली गेले की फ्लोट खाली, दांडा फिरतो आणि रोधाच्या एका पट्टीवर त्याचे टोक सरकते. रोध बदलला की डॅशबोर्डच्या मीटरमधला प्रवाह बदलतो आणि काटा हलतो. म्हणजे काटा डिझेल पाहत नाही. काटा फक्त वायरीतला प्रवाह पाहतो. फ्लोट, पट्टी, वायर, मीटर आणि अर्थ, या पाचांपैकी कुणीही खोटे बोलले तरी काटा इमानदारीने ते खोटे आपल्याला सांगतो.

वायरमनांनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारला, "इंजिनच्या गरमीचा काटा बरोबर दावतो का?" बरोबर दाखवत होता. त्यांनी मान हलवली. जुन्या पुष्कळ गाड्यांत दोन्ही काट्यांना डॅशबोर्डमागच्या एकाच डबीतून, व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून, वीज मिळते. डिझेल आणि गरमी हे दोन्ही काटे एकदम चुकायला लागले तर दोष त्या डबीत. एकच चुकत असेल तर डबी सोडा, पुढे चला.

मग त्यांनी गाडी सपाट जागेवर घ्यायला लावली आणि टाकीत काठी घातली. आमच्या टाकीचे तोंड सरळ आहे म्हणून काठी जाते. काही गाड्यांचे नळकांडे वाकडे असते, तिथे ही सोय नाही. काठी टाकीचा तिसरा हिस्सा ओली झाली. म्हणजे वीसेक लिटर. काटा अर्ध्याच्या थोडा वर होता. मामांनी सांगितलेली काठी अशी सहा महिन्यांनी टाकीत गेली, तीही दुसऱ्याच्या हाताने.

किल्ली चालू ठेवून त्यांनी टाकीवरच्या युनिटची वायर सोडवली. काटा हळूहळू पार खाली गेला. मग वायरीच्या टोकाला छोटा बल्ब जोडून बल्बचे दुसरे टोक चासीला टेकवले. काटा वर चढला. यावरून कळते की टाकीपासून मीटरपर्यंतची वायर शाबूत आहे आणि मीटर हलतो. काही गाड्यांत हे उलट असते, वायर सोडवली की काटा वर जातो. ते महत्त्वाचे नाही. दोन टोकांना दोन वेगळी उत्तरे मिळाली पाहिजेत, हे महत्त्वाचे. बल्ब मध्ये का घालायचा? वायर थेट चासीला टेकवून धरली तर काही मीटर जळतात. घाईचे लोक तशीच टेकवतात आणि मग एका दोषाचे दोन होतात.

वायर पुन्हा जोडून त्यांनी एक सुटी वायर घेतली. तिचे एक टोक युनिटच्या पत्र्यावर, दुसरे चासीवर खरवडलेल्या जागी. काटा वर जाऊन जवळजवळ भरलेल्या टाकीवर थांबला. चूक कमी व्हायच्या ऐवजी वाढली! आम्ही गोंधळलो. वायरमन मात्र हसले. म्हणाले, "दोन दुखणी हायेत. एक दुसऱ्याला झाकत हुतं. जुना मीटर टाकून दिला का?"

जुना मीटर टूलबॉक्समध्ये होता. चिंधीत गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवलेला. तो आम्ही ठेवला नव्हता. मामांनी ठेवला होता.

जुना मीटर बसवला, सुटी वायर तशीच चासीला धरली, आणि काटा बरोबर तिसऱ्या हिश्श्यावर येऊन थांबला. सुटी वायर काढली की काटा खाली पडायचा. पहिले आणि मूळचे दुखणे एवढेच होते: टाकी रबरी पट्ट्यांवर बसवलेली, तिचा अर्थ एका स्क्रूखालून चासीला गेलेला, आणि त्या स्क्रूखाली गंज. गंज म्हणजे वाटेत घातलेला जास्तीचा रोध. आमच्या गाडीत रोध वाढला की काटा खाली येतो. दव पडलेल्या सकाळी, खड्ड्यात आदळल्यावर, उतारावर, त्या स्क्रूची पकड कमीजास्त व्हायची आणि काटा अर्ध्यावरून पावावर यायचा. डिझेल टाकीतच असायचे. शहरातल्या दुकानात बसवलेला नवा मीटर दुसऱ्या मापाच्या युनिटसाठी बनवलेला होता, त्यामुळे तो आमच्या टाकीचे डिझेल असेल त्यापेक्षा जास्त सांगायचा. गंज थोडा खाली ओढायचा, मीटर वर ढकलायचा. त्या ओढाताणीत पळसदेवच्या अलीकडे आमची टाकी कोरडी पडली.

पॉलिश पेपरने स्क्रूची जागा घासली, युनिटच्या पत्र्यापासून चासीपर्यंत नवी वायर टाकली, वर ग्रीस लावले. वायरचे वीस रुपये, मजुरी शंभर. चहा त्यांच्याच घरचा.

सगळ्या गाड्यांचे दुखणे अर्थचेच असते असे नाही. काटा कायम खाली पडून राहत असेल आणि वर सांगितलेल्या परीक्षेत मीटर-वायर चांगली निघाली, तर युनिट काढून फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. पितळी फ्लोटच्या डागाला चीर गेली की आत डिझेल शिरते, फ्लोट बुडतो आणि बुडालेला फ्लोट भरल्या टाकीतही रिकामीच सांगतो. काटा एका ठराविक पट्ट्यातच उड्या मारत असेल तर रोधाची पट्टी तिथे झिजली आहे. दांडा सावकाश वरखाली करत मल्टिमीटर लावला तर आकडा जिथे तुटतो ती जागा सापडते. काटा कायम टोकाला चिकटला असेल तर बहुधा वायर कुठेतरी चासीला घासून उघडी पडली आहे. आणि टाकी उघडल्यानंतरच चुकायला लागला असेल, दर वेळी सारख्याच अंतराने चुकत असेल, तर कुणीतरी बसवताना दांडा वाकवला आहे. पहिली अर्धी टाकी सावकाश उतरते आणि दुसरी अर्धी भरभर, ही तक्रार तर सगळेच करतात. ती पुष्कळदा तक्रारच नसते. टाकी वर रुंद, खाली निमुळती असली तर फ्लोट तसाच उतरणार.

दोन गोष्टी मात्र कुणीही हसण्यावारी नेऊ नयेत. टाकी उघडायची तर बॅटरीची वायर आधी काढावी, आणि बिडी-काडी जवळपास नको. पेट्रोलच्या गाडीत टाकीजवळ वायरीची ठिणगी पाडण्याचे धाडस मुळीच करू नये. आणि गळक्या टाकीला गावातल्या दुकानात वेल्डिंग मारून घेऊ नये. टाकी रिकामी आहे म्हणून भीती नाही, हा समज उलटा आहे. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि स्फोट वाफेचा होतो. नव्या, कॉम्प्युटरच्या गाड्यांना ही वायर-चासीची परीक्षा लावू नये. तिथे वेगळे शास्त्र आहे आणि ते आमचे नाही.

वायरमन गाडीखाली काम करत होते तेव्हा आम्ही पाण्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. पाणी म्हणायचे खरे, त्या एप्रिलमध्ये पाणी लांब गेले होते आणि पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडले होते. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, जुने पळसदेव पाण्याखाली गेले, गाव वर येऊन वसले. देऊळ मात्र दुष्काळाच्या वर्षी दर्शन देते. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरले नव्हते आणि २०२४ च्या जानेवारीतच उजनी शून्याखाली गेली होती. वर्तमानपत्रांत रोज आकडा येत होता: वजा तीस, वजा चाळीस. शहरातून आलेला एक पाहुणा आम्हाला विचारत होता, टक्केवारी वजा कशी असते हो? पाणी शून्य म्हणजे धरण कोरडे ना?

पळसदेवच्या शाळेतल्या पोराला हे विचारावे लागत नाही. उजनीची पूर्ण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा, आणि त्रेसष्टच्या वर मृतसाठा. सरकारी कागदावरचे शून्य हे उपयुक्त साठ्याच्या तळाशी मांडलेले शून्य आहे. धरणाच्या तळाशी नव्हे. शून्य टक्क्यालाही खाली निम्म्याहून अधिक धरण असते. ज्याला शून्य कुठे मांडले आहे हे ठाऊक आहे त्याला वजा चाळीसचा अर्थ कळतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो एकतर उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त राहतो. डिझेलच्या काट्याचेही तसेच. रिकाम्या खुणेच्या खाली किती लिटर शिल्लक असते हे तुम्हाला तुमच्या गाडीचे ठाऊक आहे का? आम्हाला वीस वर्षे ठाऊक नव्हते.

ते आम्ही पळसदेवहून आल्यावर मोजले. टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर मापाने टाकत गेलो. दर पाच लिटरला काठी घालून चाकूने खाच केली आणि काट्याची जागा काचेवर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्याने दाखवली. पहिले पाच लिटर टाकले तेव्हा काटा हललाच नाही. दहाला रिकाम्या खुणेवर आला. म्हणजे आमच्या गाडीचे शून्य तळापासून दहा लिटर वर आहे. साठ लिटरची म्हणतात त्या टाकीत गळ्यापर्यंत त्रेसष्ट मावले. कंपनी पुस्तकात जो आकडा देते तो वर हवेला जागा सोडून दिलेला असतो. पंपावर साठच्या टाकीत त्रेसष्ट लिटर गेले म्हणून भांडण काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आम्हीही एकदा काढले होते.

पंपाचे निघालेच आहे तर तेही सांगून टाकू. त्या दिवाळीत मामांच्या आधी आमचा संशय एका पंपावर होता. काटा वर चढत नाही म्हणजे पंपवाला कमी देतो, असे आम्ही तिथल्या पोराला चारचौघांत बोललो. प्रत्येक पंपावर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला ते मागून मोजून घेण्याचा हक्क आहे. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंतची चूक चालते, त्यापुढे नाही. आम्ही माप मागितले नाही. आवाज चढवला. नंतर माप मागितले तेव्हा ते बरोबर भरले. ज्या पंपांवर ते बरोबर भरत नसेल तिथे जरूर आवाज चढवावा, पण माप भरून झाल्यावर.

आमचे शिक्षण शेतीचे. कॉलेजात मातीचा सामू मोजायला शिकवले तेव्हा पहिला धडा हा होता की सामूमापक यंत्र मातीच्या द्रावणात घालण्याआधी सामू ७ च्या बफर द्रावणात घाला, तिथे ते ७ दाखवते का पाहा, नसेल तर आधी त्याला बरोबर करा. हे न करता आणलेला आकडा गुरुजी वहीतून खोडून टाकायचे. असे शेकडो नमुने आम्ही तपासले. पुढे गावोगाव जाऊन सांगितले की साखर कारखान्याच्या काट्यावर पहिली गाडी चढण्याआधी ठाऊक असलेल्या वजनाची वस्तू ठेवून काटा तपासा, तो हक्क सोडू नका. काटामारीवर आमची भाषणे टाळ्या घेतात. आणि आमच्या स्वतःच्या गाडीचा काटा न तपासता आम्ही एका माणसाचे चौदाशे रुपये कापले. कारखान्याच्या गेटवर ज्याला काटामारी म्हणतो, तीच आम्ही आमच्या टेबलावर केली. फरक एवढाच, की गेटवर शेतकऱ्याच्या बाजूने बोलायला आम्ही असतो, आणि मामांच्या बाजूने बोलायला टेबलावर कुणी नव्हते.

काही मित्र म्हणतील, डिझेल चोरणारे ड्रायव्हर नसतातच का? असतात. ढाब्यावर कॅन भरून देणारे आम्हीही पाहिले आहेत. पण अशी चोरी काट्याने सापडत नाही, वहीने सापडते. टाकी गळ्यापर्यंत भरा, किलोमीटर लिहा, गाडी चालवा, पुन्हा त्याच पंपावर त्याच गळ्यापर्यंत भरा, मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर. असे चार वेळा करा. आकडा एकाएकी बारावरून नऊवर आला तर विचारायला जागा आहे. तेव्हाही आधी टायरची हवा आणि एअर फिल्टर पाहावा, मग माणूस. उलट, ज्याच्या मनात चोरायचे आहे त्याला चुकणारा काटा सोयीचाच असतो. कमी दिसले की तो काट्याकडे बोट दाखवतो. म्हणजे चुकणाऱ्या काट्याने प्रामाणिक माणूस अडकतो आणि लबाड सुटतो.

दुसरे काही म्हणतील, जुन्या गाडीचा काटा चुकणारच, त्यात काय एवढे, आम्ही अंदाजाने चालवतो. चालवा. अंदाजाने चालवणाऱ्याशी आमचे भांडण नाही, तो निदान काट्याला काटा मानत नाही. भांडण त्या माणसाशी आहे जो प्रवासात म्हणतो काटा चुकतो हो, आणि हिशोबाला बसला की त्याच काट्यावर बोट ठेवतो. तो माणूस आम्ही होतो.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना आहे. आपल्या कामावर असलेल्या प्रत्येक गाडीत खाचा केलेली काठी आणि किलोमीटरची वही राहील, दोन्हींवर ड्रायव्हर आणि किल्ली घेणारा यांच्या सह्या होतील, आणि वहीचा हिशोब समोर ठेवल्याशिवाय डिझेलपोटी कुणाच्याही पगारातून एक रुपया कापला जाणार नाही. जिथे टाकीत काठी जात नाही तिथे गळ्यापासून गळ्यापर्यंत भरून मोजावे. ज्यांच्या गाडीचा काटा चुकतो त्यांनी बैठकीला येताना गाडी घेऊन यावी. सुटी वायर, छोटा बल्ब आणि पॉलिश पेपर आम्ही आणू, जेवणाच्या सुट्टीत पाहून घेऊ. वाहतूक करणाऱ्या सभासदांपैकी काहींनी ड्रायव्हरचे पैसे असेच कापले आहेत हे आमच्या कानावर आहे. नावे आम्ही घेणार नाही. ज्याची त्याने वही काढावी.

मे महिन्यात आम्ही मामांच्या घरी गेलो. दारापुढचा उतार तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गाडी तिथे लावली तर एक चाक वीतभर खाली राहते. चौदाशे रुपये दिले, आणि काय झाले ते सगळे सांगितले. स्क्रू, गंज, दुसऱ्या मापाचा मीटर. मामींनी चहा केला. मामांनी सगळे ऐकून घेतले, जुना मीटर परत बसवला का तेवढे विचारले. बसवला म्हणालो. मग त्यांनी पैसे मोजून खिशात घातले.

पुढच्या तालुका सभेत आम्ही हे सगळ्यांसमोर सांगितले, कारण कापल्याची बातमीही सगळ्यांनाच होती. मामा सभेला आले होते, मागे बसले होते. आम्ही किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. अजूनही घेतलेली नाही. गाडी सध्या आम्हीच चालवतो.